पुढे चार बोटं, मागे शून्य

देवानंद माझा तीस वर्षांचा दोस्त, आणि त्याने मला न विचारता सायकल घेतली. हे वाक्य मला आजही शांतपणे लिहिता येत नाही. जुन्या जालन्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. अर्ध्या शहराच्या सायकली माझ्या पान्याखालून गेलेल्या. आणि हा गडी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून सुटला, सरळ दुसऱ्याच दुकानात गेला, नवीकोरी सायकल घेतली आणि ती हातात धरून माझ्याच दारावरून घरी निघाला. वर मला म्हणतो, "धर्मा, जरा हवा बघ रे."

"ज्यानं इकली त्यालाच सांग हवा भराया," मी म्हणालो. पण डोळे सायकलीवरून हलत नव्हते.

ही २००१ सालची गोष्ट. दोन शॉकअपच्या सायकली तेव्हा आमच्याकडे नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. जाड टायर, लालभडक रंग, पुढच्या चाकाच्या चिमट्यात शॉकअप आणि सीटखाली मागच्या चाकासाठी एक जाडजूड स्प्रिंग. सीटवर हात दाबला की सायकल खाली बसायची, सोडला की उठायची. रस्त्याने जाणारे लोक नुसती दाबून बघायला थांबत. मला असल्या सायकलींचा मनापासून राग होता. सायकल म्हणजे लोखंड, आणि लोखंडाने उठाबशा काढायच्या नसतात, असं माझं मत होतं. माझं मत मी गिऱ्हाइकाला फुकट देत असे.

सायकल होती देवानंदाच्या मुलीसाठी, प्रभावतीसाठी. कृषी पदविका करून पोरगी एका बियाणे कंपनीत सुपरवायझर म्हणून लागली होती. लागली होती म्हणजे कच्ची. एक हंगाम काम बघणार, जमलं तर पक्की ऑर्डर, नाही तर घरी. तिच्याबरोबरचे सगळे पुरुष मोटारसायकलवर फिरायचे. हिला मोटारसायकल येत नव्हती आणि शिकवायला बापाकडे मोटारसायकल नव्हती. कंपनीचे साहेब अण्णासाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, प्लॉट लांब लांब आहेत. झेपेल का?" त्यावर ही म्हणाली, "झेपतं का न्हाई ते हंगाम झाल्यावर इचारा, साहेब." हे देवानंदाने मला इतक्या वेळा सांगितलं, की मी स्वतः तिथे हजर होतो असं मला वाटायला लागलं.

तिच्याकडे गोजरबाईंचा कपाशीचा प्लॉट होता. गोजरबाई म्हणजे साठी उलटलेली, स्वतःच्या बांधावर उभं राहून दहा बायांकडून काम करून घेणारी जमीनदारीण. कपाशीच्या बियाण्याचं काम फार नाजूक. मादी झाडाची कळी संध्याकाळी हाताने सोलून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. पराग लागला तर बोंड धरतं, नाही तर कळी गळते. आमच्याकडे याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. सोललेली कळी एकच सकाळ वाट बघते. त्या वर्षी गोजरबाईंची नराची झाडं मर रोग लागून वाळून गेली. मग नराची फुलं आणायची रामरावांच्या शेतातून, आठ किलोमीटरवरून, गाडीवाटेने, आणि तीही दहाच्या आत. आणणार कोण, तर सुपरवायझर.

म्हणून देवानंदाने शॉकअपची सायकल घेतली. फुलं हादरली की पराग झडून जातो. बिनपरागाची फुलं घेऊन बायांनी काय करायचं, केसात माळायची?

आता फुलांची दुरडी सायकलीवर पुढे बांधायची का मागे, यावर माझ्या दुकानात दोन दिवस वाद चालला.

"खड्डा आधी पुढच्या चाकाला भेटतो," देवानंद म्हणाला. "खरं काम पुढच्या शॉकअपचं. दुरडी हँडलला बांधायची."

"अन् माणूस कुठं बसतो? मागं. वझं कुठं ऱ्हातं? मागं," मी म्हणालो. "तू सळ्या मोज मिलमधल्या. सायकलीतलं मला सांगू नको."

प्रभावतीने आधी बापाचं ऐकलं. दुरडी हँडलला बांधली. उतारावर ब्रेक दाबला की पुढचा शॉकअप आत बसायचा, सायकल वाकून नमस्कार करायची आणि सगळी फुलं दुरडीच्या एका कडेला ढीग होऊन पडायची. दोन दिवसांत तिने दुरडी सोडली आणि माझ्याकडे आली. मला झालेला आनंद मी लपवला नाही. देवानंदाला बोलावून, चहा पाजून, पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं.

"धर्माकाका, मागं बांधते, पण बांधू कशाला?" प्रभावती म्हणाली. "कॅरियरच न्हाई."

मी वाकून बघितलं. खरंच नव्हतं. आमच्याकडे नवी सायकल घेतली की माणूस आधी कॅरियर बसवतो, घंटी मागून. दुधाच्या कॅना, खताचं पोतं, बायको, सासुरवाडीची दिवाळी, सगळं कॅरियरवरच जातं. बिनकॅरियरची सायकल ही माझ्या दृष्टीने अर्धवट राहिलेली वस्तू. ती मी पुरी करायला घेतली. विकतचं कॅरियर मला पसंत पडेना, म्हणून भंगारवाल्याकडून दहा एमएमची सळी आणली. खालची टोकं मागच्या चाकाच्या नटात पक्की केली, वरचा भाग सीटच्या दांड्याला दुहेरी पट्टीने आवळला, आणि सांध्यावर वेल्डिंग मारून घेतलं. मग देवानंदासमोर त्या कॅरियरवर उभा राहिलो आणि दोन उड्या मारल्या.

"बघ. हललं का?"

"न्हाई बा. बिलकुल न्हाई," देवानंद म्हणाला.

"गव्हाचं पोतं टाक. तरी न्हाई हलायचं."

ही फुशारकी मी पुढे दहा दिवस मिरवली. त्या दहा दिवसांत गोजरबाईंच्या प्लॉटवर काय चाललं होतं ते मला नीट कळलं नाही, कारण मी विचारलं नाही. प्रभावती रोज बाराच्या सुमाराला दुकानावरून जायची, आणि दिवसेंदिवस तिचं तोंड उतरत चाललं होतं. शेवटी एके दिवशी ती थांबली.

"काका, फुलं पोचून राह्यली, पण पराग न्हाई. दुरडीच्या बुडाला पिवळी पावडर साचलेली असती. बाया हात मांडीवर घेऊन बसतेत. गोजरबाई म्हंत्यात, त्या सायकलवाल्याला म्हणावं, एकदा माझ्या बांधावर येऊन बस."

"तू हाणती जोरात," मी म्हणालो.

"चालत्या माणसाच्या मागं ऱ्हाते मी, काका."

"मंग रस्ता खराब असंल."

"रस्ता खराब हाय म्हणूनच तर शॉकअप घेतला ना."

"मंग स्प्रिंगच बोगस हाय. मला इचारून घेतली असती तर..."

देवानंद दुसऱ्या पाळीला जाता जाता थांबला होता. तो म्हणाला, "नाचता येईना अन् अंगण वाकडं." मी त्याच्या अंगावर फडकं फेकलं.

पण हसण्यावारी न्यायची वेळ राहिली नव्हती. त्या शनिवारी अण्णासाहेब प्लॉटवर आले. क्रॉस केलेल्या प्रत्येक फुलाला दोरा बांधलेला असतो. त्यांनी शंभर दोरे मोजले आणि त्यात बोंडं निघाली चौदा. साहेब भला माणूस, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "सोमवारपासून जे क्रॉस होईल ते मी पुढच्या शनिवारी मोजतो. शंभरात पस्तीस पाहिजेत. नाहीतर प्लॉट रद्द, आणि तुमचं नाव मला पुढे पाठवता येणार नाही." हे तिने घरी सांगितलं, आणि देवानंदाने मला सांगितलं. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. चहाही नको म्हणाला. ही पोरगी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून पाढे पाठ करत मोठी झालेली.

रविवारी दुपारी प्रभावती सायकल घेऊन आली. देवानंदही सुटी म्हणून बसला होता. तिने सायकल माझ्यासमोर उभी केली आणि ओढणीने कपाळ पुसलं.

"काका, काल डोक्यात आलं, की मोजल्याबिगर बोलण्यात अर्थ न्हाई. म्हणून आज येक प्रयोग केला. निघताना काळी माती भिजवली. पुढच्या शॉकअपच्या नळीला मातीचं बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. अन् मागच्या स्प्रिंगीच्या येढ्यात येक मऊ गोळी बसवली. स्प्रिंग दबली तर गोळी चेपायलाच पाहिजे. मंग आठ किलोमीटर गेले अन् आले. आता बघा."

मी वाकलो. पुढच्या नळीवर माती चार बोटं पुसून लख्ख झाली होती. म्हणजे पुढचा शॉकअप चार बोटं आतबाहेर करत होता, इमानदारीने. मग मी मागे गेलो. स्प्रिंगच्या वेढ्यात ती मातीची गोळी बसली होती, आणि तिच्यावर प्रभावतीच्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा होता. सोळा किलोमीटर गाडीवाट, आणि ठशाची एक रेघ बिघडली नव्हती.

"पुढं चार बोटं," ती म्हणाली. "मागं शून्य. येवढी जाड स्प्रिंग अन् शून्य कामून, काका?"

ती खरंच विचारत होती. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि बरं झालं असतं.

मी सीट दाबली. हलली नाही. पहिल्या दिवशी हीच सीट एका हाताने खाली जात होती. मी दोन्ही हातांनी दाबली, मग पोट टेकवून दाबली. माझी नजर खाली गेली. मागच्या चाकाच्या नटापासून सीटच्या दांड्यापर्यंत माझ्या दहा एमएमच्या सळ्या ताठ उभ्या होत्या, देवळाच्या खांबासारख्या. चाक वर यायचं म्हणजे चाक आणि सीट यांच्यातलं अंतर कमी व्हायला पाहिजे. आणि नेमक्या त्या अंतरात मी खुंटी ठोकून ठेवली होती. एरवीच्या सायकलीला कॅरियर असंच बसवतात, पण एरवीच्या सायकलीचं मागचं चाक कुठे हलतं? मी कॅरियर जितकं पक्कं केलं, तितका मागचा शॉकअप मेला. पुढचं चाक खड्डा गिळत होतं आणि तोच खड्डा मागचं चाक उचलून दुरडीवर आपटत होतं. अति तिथे माती म्हणतात ते मी असं, गोळीच्या रूपात, डोळ्यांनी बघितलं.

"काय झालं?" देवानंदाने विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो, आणि पाना घेतला.

मी सळ्या सोडवायला लागलो तशी बाप-लेक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटचा नट निघाला, मी सीट दाबली आणि सायकलीचं बूड हुश्श करून खाली बसलं, जशी काही इतके दिवस पाहुण्यांसमोर ताठ बसून अवघडली होती.

देवानंदाला सगळं कळलं. तो मिलमध्ये लोखंडातच वाढलेला. हळूच म्हणाला, "मंग चुकलं म्हण की येकदा."

"चुकलं न्हाई. बदलून राह्यलो."

"तीस वर्सांत येकदा म्हण. मी पेढे वाटतो."

"डबल शिफ्ट कर अन् मंग वाट," मी म्हणालो. माझा स्वभावच तसा. पंक्चर निघालं तर ट्यूब खराब, चेन उतरली तर पायडल मारणारा खराब. माझी चूक निघाली तर पृथ्वी कोणाच्या भरवशावर फिरणार, अशी माझी समजूत होती.

दुपारभर बसून नवं कॅरियर केलं. पातळ पट्टीचं, हलकं, आणि खाली चाकाला कुठेही न टेकणारं. फक्त सीटच्या दांड्याला वरूनच लटकवलं. पोतं त्यावर बसणार नाही, पण फुलांना पोत्याचं कॅरियर लागत नाही हे मला आता उमजलं होतं. प्रभावतीला बसवून पुन्हा मातीचा प्रयोग केला, गल्लीतल्या गटारीच्या खाचेवरून दहा चकरा. पुढे चार बोटं, मागे जेमतेम एक. पोरगी काटकुळी, आणि स्प्रिंग एखाद्या जाड्या माणसाच्या हिशेबाने आवळलेली. मी स्प्रिंगखालची चकती दोन आटे सैल केली. पुढे चार, मागे दोन. आणखी सैल केली. पुढे चार, मागे साडेतीन.

"बराबर करू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, काका. दुरडी बांधल्यावर होईल बराबर." आणि दुरडीत फुलांच्या वजनाइतकी ओली माती भरून बांधली तेव्हा मागेही चारच बोटं आली. आता पुढचं मोठं का मागचं मोठं या वादात काही राम उरला नव्हता. दोघं सारखे बसले तर फुलं शाबूत, एक जरी ताठ राहिला तर सगळं मातीत. देवानंद आणि मी, दोघांनीही एकाच वेळी मान डोलावली. असं क्वचित होतं.

सोमवारी ती बाराला दुकानावरून गेली. उतरली नाही, पण एक पाय टेकून दुरडी सोडली आणि उलटी करून दाखवली. बूड स्वच्छ होतं, पिवळा कणही नव्हता. मंगळवारी म्हणाली की बाया दहालाच कामाला लागल्या आणि गोजरबाईंनी पहिल्यांदा तिला भाकरी खायला बसवलं. बुधवारी, गुरुवारी मी कामावर होतो असं म्हणण्यात अर्थ नाही. एकाची हवा दुसऱ्याच्या चाकात भरत होतो. बोंड धरायला चार-पाच दिवस लागतात, आणि तोपर्यंत कळी काय करेल हे तिची तिलाच माहीत.

शनिवारी मी दुकान बंद ठेवलं आणि देवानंदाला घेऊन टेम्पोने गोजरबाईंच्या प्लॉटवर गेलो. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. गोजरबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ह्योच का त्यो सायकलवाला?"

"हाव," मी म्हणालो.

"बस मंग बांधावर. लई दिवस वाट बघितली तुझी."

मी मुकाट्याने बसलो. अण्णासाहेब एकेक दोरा बघत ओळीतून चालले होते, प्रभावती वही घेऊन मागे. बाया काम थांबवून बघत होत्या. साहेब बोट लावून मोजत, ती खूण करत जाई. ओळीच्या टोकाला साहेब थांबले आणि वही घेऊन त्यांनी स्वतः पुन्हा बेरीज केली.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "शंभरात त्रेचाळीस."

देवानंद माझा दंड धरून उभा होता. तो त्याने इतका आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं. गोजरबाई बायांवर ओरडल्या, "बघताय काय, फुलं सुकून राह्यली!" पण स्वतः त्या हसत होत्या.

मात्र साहेबांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. "प्लॉट राहिला, बाई. आता तुमच्या ऑर्डरचं. पहिले दहा दिवस का वाया गेले, हे हेड ऑफिस विचारणारच. कारण लिहून द्या. सुपरवायझरची चूक असेल तर मी यंदा नाव पाठवू शकत नाही, पुढच्या हंगामात बघू. खरं ते लिहा."

प्रभावतीने पेन घेतला आणि जराही न थांबता लिहायला लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'फुलांच्या वाहतुकीची पद्धत मी वेळेत तपासली नाही.'

"पोरी, हे काय लिहून राह्यली?" मी म्हणालो.

"खरंच हाय, काका. माती पहिल्याच दिवशी लावायला पाहिजे होती मी."

"कॅरियर कोणी बसवलं?"

"तुम्ही बसवलं, पण सायकल माझी व्हती. अन् तुमचं नाव मी कागदावर न्हाई टाकणार."

ती मान वर न करता म्हणाली. मला काय झालं ते सांगतो. मला भयंकर लाज वाटली. माझ्या एका शब्दाला धक्का लागू नये म्हणून ही पोरगी आपली नोकरी वर्षभर लांबवायला निघाली होती, आणि मी गेला आठवडाभर 'बदलून राह्यलो, बदलून राह्यलो' म्हणत फिरत होतो.

"साहेब, त्या कागदावर माझं लिवायला जागा हाय का?"

"तुम्ही कोण?"

"सायकलवाला."

"या फॉर्ममध्ये सायकलवाल्याचा रकाना नाही हो," साहेब हसले. "पण बाहेरचं कारण असेल तर खाली लिहून सही करा. एक साक्षीदार लागेल."

मी तिच्या हातातून पेन घेतला. तिने लिहिलेली ओळ खोडली आणि खाली माझ्या बोजड अक्षरात लिहिलं: 'कॅरियर मी बसवलं. त्यानं मागचा शॉकअप बंद पडला. मी दहा दिवस दुसऱ्यांना बोल लावला. चूक माझी.' चारही वाक्यांना मिळून मला पाच मिनिटं लागली. शेवटच्या दोन शब्दांना त्यातली तीन. मग सही केली आणि खाली दुकानाचा पत्ताही घातला, म्हणजे हेड ऑफिसला शोधायला त्रास नको.

साहेबांनी कागद वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "सोमवारी ऑफिसात या, प्रभावतीबाई. ऑर्डर घेऊन जा." तिने ओढणी तोंडाला लावली आणि ती सरळ गोजरबाईंच्या गळ्यात पडली. मग साहेबांनी कागद देवानंदापुढे धरला.

"साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा. पण आधी वाचून घ्या, त्यांनी काय लिहिलंय ते."

तीस वर्षं ज्या दोन शब्दांची हा माणूस वाट बघत होता, ते त्याच्या हातात होते, सहीनिशी, पत्त्यानिशी. त्यांच्या जोरावर तो जन्मभर मला पुरून उरला असता. देवानंदाने कागद घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सहीच्या जागेवर पेन टेकवला.

"वाचता येणार न्हाई, साहेब. चष्मा घरीच इसरून आल्तो," तो म्हणाला, आणि सही करून टाकली.

चष्मा त्याच्या नाकावर होता.